निसरड्या रस्त्यावरून भरलेला ट्रेलर घरी आणणे : बांधणी, ब्रेक आणि उतार

लोखंडवेडा (धागाकर्ता)

नमस्कार. बंद होत असलेल्या एका कार्यशाळेतून मी जुने लेथ यंत्र (धातूचा तुकडा फिरवून कापणारे) विकत घेतले असून ते दोन ॲक्सलच्या उघड्या ट्रेलरवर लादून घरी आणायचे आहे. यंत्राचे वजन सुमारे १२०० किलो आणि रिकाम्या ट्रेलरचे ६०० किलो, म्हणजे मागे ओढायचा भार १८०० किलोच्या घरात जातो. गाडीची ओढण्याची क्षमता याहून बरीच जास्त आहे आणि ट्रेलरच्या चारही चाकांना विजेवर चालणारे ब्रेक आहेत, त्यामुळे कोरड्या दिवसांत हा प्रश्न मी विचारलाही नसता.

अडचण अशी की जागा रिकामी करून देण्याची मुदत आणि वादळाचा अंदाज एकाच आठवड्यात येऊन पडले आहेत. आधी गोठणारा पाऊस, त्यावर बर्फवृष्टी आणि मग वाऱ्यासह कडाक्याची थंडी, असा क्रम सांगितला जात आहे. बराचसा रस्ता महामार्गाचा असला तरी मध्ये एक लांब उतार लागतो आणि शेवटी घराकडे चढत जाणारी अरुंद गल्ली आहे. पाऊस सुरू होण्याआधी रातोरात निघावे, की वादळ ओसरल्यावर? ट्रेलरच्या चाकांना साखळ्या लावाव्यात का? यंत्र ट्रेलरवर नेमके कुठे ठेवावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

अवजडवाहक

निघण्याच्या वेळेपासून सुरुवात करतो, कारण ती चुकली तर बाकीची तयारी फारशी उपयोगाची राहत नाही.

गोठणारा पाऊस हा यातला सर्वांत वाईट प्रकार आहे. वरच्या हवेत पाणी असलेला थेंब जमिनीलगतच्या थंड थरातून येताना शून्याखाली जातो, तरीही द्रवच राहतो आणि रस्त्याला टेकताक्षणी पसरून गोठतो. त्यातून जो पारदर्शक थर तयार होतो तो दिव्याच्या उजेडात नुसता ओला रस्ता वाटतो. अशा रस्त्यावर चारही चाकांनी चालणारी गाडी, हिवाळी टायर आणि चालकाचे कसब यांपैकी कशाचाच भरवसा देता येत नाही. रातोरात निघून पावसाला चुकवण्याचा बेत मला पसंत नाही, कारण अंदाज तीन-चार तासांनी इकडेतिकडे होणे नेहमीचेच आहे आणि ट्रेलर मागे असताना वाटेत कुठेही वळून परत फिरता येत नाही.

वादळानंतरचा, रस्ता साफ झालेला दिवस निवडा आणि त्यातही शून्याच्या आसपासचा निवडू नका. शून्य अंशाजवळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि घसरण सर्वाधिक तेव्हाच होते. उणे पंधराला तोच बर्फ कोरडा आणि तुलनेने बराच पकड देणारा असतो. मात्र साधे मीठ उणे दहाच्या आसपास आपला प्रभाव गमावू लागते, म्हणून अतिथंडीत मीठ टाकलेला रस्ता साफच असेल असे समजू नये. पुलांवर विशेष सावध राहा. त्यांना खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही, त्यामुळे बाकीचा रस्ता ओला असतानाच पूल गोठलेला असतो. गाडीतला तापमापक हवेचे तापमान सांगतो, रस्त्याचे नव्हे.

चौफेर

मला वाटते आपण उगाच बाऊ करत आहोत. मागे पावणेदोन टन वजन असेल तर टायर रस्त्यात रुतून बसतात आणि पकड वाढते. रिकामा ट्रेलर बर्फावर नाचतो, भरलेला नाचत नाही. चारही चाकांची गाडी असेल तर आरामात या.

गणिती

चौफेर, आपल्या म्हणण्यातील रिकाम्या ट्रेलरचा भाग बरोबर आहे, विशेषतः आडव्या वाऱ्यात. मात्र वजन वाढल्याने थांबणे सोपे होते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. वजनाबरोबर टायरची पकड वाढते हे खरे, पण ज्याला थांबवायचे ते वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते, आणि दोन्ही एकमेकांना छेदून जातात. सगळी चाके नीट ब्रेक लावत असतील तर थांबण्याचे अंतर वजनावर अवलंबून राहत नाही; ते वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) आणि घर्षणावर अवलंबून असते.

आकडे मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला, चालकाची प्रतिक्रिया येईपर्यंतचे अंतर सोडून, कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७ धरून) सुमारे २० मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर (०.२५) ते ५७ मीटर होते आणि गुळगुळीत बर्फावर (०.१) १४० मीटर. वेग निम्मा, म्हणजे ३० केला की हे १४० मीटर ३५ वर येतात.

आता ट्रेलरचे ब्रेक काम करत नाहीत असे समजा. गाडी २२०० किलोची धरली आणि हिचमधून (गाडी व ट्रेलर यांच्या जोडातून) तिच्यावर आणखी २०० किलो भार आला, तर २४०० किलोच्या पकडीवर ४००० किलो थांबवायचे आहेत. १४० मीटरचे अंतर २३५ च्या आसपास जाते. यंत्राचे वजन घातक ठरते ते इथे.

उताराचे गणित तर अधिकच कठोर आहे. पाच टक्के उतारावर तोच ०.१ चा बर्फ असेल तर अर्धी पकड उताराशी झगडण्यातच खर्च होते आणि अंतर दुप्पट होते. उतार दहा टक्के असेल तर गाडी थांबतच नाही, वेग कितीही कमी असो. आपण उल्लेखलेला उतार किती टक्क्यांचा आहे, हे निघण्यापूर्वी माहीत करून घ्यावे.

चौफेर

मान्य. चारही चाकांना मिळणारी ताकद चढायला आणि निघायला कामाची, थांबायला नव्हे, हे लिहायला हवे होते. तरी चढावर तिचा फायदा आहेच.

अवजडवाहक

गणिती यांनी उताराचा मुद्दा काढला ते बरे झाले, कारण या प्रवासातला खरा प्रश्न तोच आहे. धागाकर्त्यांच्या ट्रेलरला विजेचे ब्रेक आहेत, म्हणजे गाडीत त्या ब्रेकचा जोर ठरवणारा नियंत्रकही असणार. कोरड्या रस्त्यासाठी लावून ठेवलेला त्याचा जोर निसरड्या रस्त्यावर जास्त ठरतो. अशा ट्रेलरना बहुधा एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसते, त्यामुळे चाके जाम होतात, आणि जाम झालेल्या चाकाला दिशा राहत नाही. रस्त्याच्या कडेच्या उताराने ट्रेलर बाजूला ओघळू लागतो. दुसरीकडे जोर अगदीच कमी ठेवला तर ट्रेलर गाडीला मागून ढकलतो आणि गाडी व ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. म्हणून साफ केलेल्या मोकळ्या आवारात, माणसे व वाहने नसताना, अगदी कमी वेगात नियंत्रकाचा हाताने चालवायचा खटका दाबून पाहावा. मदतनिसाने बाहेर सुरक्षित अंतरावर उभे राहून ट्रेलरची चाके पाहावीत. ती जाम होण्याच्या किंचित अलीकडे जोर ठेवावा. रस्त्याची स्थिती बदलली की ही चाचणी पुन्हा करावी.

ज्यांच्या ट्रेलरला ढकलण्याच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ट्रेलरने गाडीला ढकलल्याशिवाय ते लागतच नाहीत. बर्फाळ उतारावर नेमके हे ढकलणेच नको असते.

उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे, पण तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकलेला असावा. मध्येच गिअर उतरवला की चालत्या (इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) चाकांना झटका बसतो आणि बर्फावर ती घसरतात, तेही मागे ट्रेलर ढकलत असताना. डिझेल इंजिनाचा एक्झॉस्ट ब्रेकही (धूर अडवून इंजिनाचा वेग कमी करणारा) अशा वेळी बंद ठेवावा. क्रूझ कंट्रोलला तर हातच लावू नये.

ट्रेलर डोलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवून त्याला सरळ करण्याचाही प्रयत्न करू नका. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि नियंत्रकाच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावा.

लोखंडवेडा

सर्वांचे आभार. माहिती काढली, उतार सहा टक्क्यांचा असून महामार्गावर असल्यामुळे तो लवकर साफ होतो. माझ्या गल्लीबद्दल तसे म्हणता येणार नाही. वादळ ओसरेपर्यंत थांबण्याचे ठरवले आहे. मालकांनी यंत्र लादून ट्रेलर त्यांच्याच आवारात दोन-तीन दिवस उभा ठेवायची तयारी दाखवली आहे. यंत्राचे हेडस्टॉकचे (कापायचा तुकडा धरून फिरवणाऱ्या भागाचे) टोक फारच जड आहे. ते पुढे ठेवावे की ॲक्सलवर?

दोरखंड

हेडस्टॉक पुढे, यंत्र ट्रेलरच्या लांबीला समांतर, आणि यंत्राचा गुरुत्वमध्य दोन ॲक्सलच्या मध्यबिंदूपासून किंचित पुढे, अशी मांडणी करावी. आपल्यासारख्या हिचच्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर यावा असे मानतात. आपल्या बाबतीत तो १८० ते २७० किलो येतो. मात्र गाडीच्या हिचवर लिहिलेली मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळावी. भार कमी पडला की ट्रेलर डोलतो. फार झाला की गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाके हलकी होतात. हिच मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे आणि गाडीच्या दोन ॲक्सलमधले अंतर ३ मीटर असेल, तर हिचवरच्या २०० किलोंमुळे पुढच्या चाकांवरचे ८० किलो कमी होतात. कोरड्या रस्त्यावर हे जाणवत नाही. बर्फावर वळताना गाडी सरळच जात राहते.

हिच ते ट्रेलरच्या ॲक्सलचा मध्य हे अंतर ३ मीटर असेल तर १२०० किलोचे यंत्र १० सेंटिमीटर पुढे सरकवले की हिचवरचा भार ४० किलोने वाढतो. म्हणजे अंदाजावर भागणार नाही, मोजावेच लागेल. घरातला वजनकाटा त्यासाठी पुरतो. एक भक्कम फळी घेऊन तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर टेकवा. आधी नुसत्या फळीमुळे काटा किती दाखवतो ते टिपून ठेवा. मग ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून, हिचचे टोक फळीवर अशा ठिकाणी टेकवा की ते विटेपासून एक भाग आणि काट्यापासून दोन भाग अंतरावर येईल. टिपलेले वजन वजा करून उरलेल्याची तिप्पट केली की हिचवरचा भार मिळतो.

आता बांधणी. लादण्यापूर्वी ट्रेलरच्या पृष्ठभागावरचा बर्फ खरवडून काढा आणि खाली रबरी चटया अंथरा, कारण बर्फावर ठेवलेले बिडाचे यंत्र केवळ पट्ट्यांच्या जोरावर जागी राहत नाही. लेथ वरून जड आणि बुडाशी अरुंद असतो, म्हणून त्याचे पाय आडव्या, जाड आणि पायांपेक्षा रुंद लाकडी ओंडक्यांना बोल्टने आवळून घ्यावेत. टेलस्टॉक आणि कॅरेज हे सरकणारे भाग शेपटीच्या टोकाला नेऊन घट्ट करावेत. मग चार कोपऱ्यांतून चार दिशांना बांधणीच्या साखळ्या ओढाव्यात. त्या बेडच्या (यंत्राच्या लांब पाटाच्या) आडव्या फासळ्यांतून किंवा पायांतून न्याव्यात. लीडस्क्रू (कॅरेज सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) किंवा हँडलवरून एकही पट्टा जाऊ देऊ नये, तो स्क्रू वाकला तर यंत्र आणून उपयोग काय?

बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर पेलावा, हा व्यावसायिक वाहतुकीतला प्रचलित निकष आहे. बर्फावर एवढ्या जोरात ब्रेक लागणारच नाही असे कोणी म्हणेल. पण घसरत जाऊन मधल्याच कोरड्या पट्ट्यावर चाके आली की तो झटका पूर्ण बसतो. मी यासाठी रॅचेटच्या (दातेरी खटक्याने आवळायच्या) पट्ट्यांपेक्षा ७० ग्रेडची (मजबुतीची प्रत) साखळी पसंत करतो. ८ मिलिमीटर जाडीच्या साखळीची कार्यक्षम भारमर्यादा सुमारे २१०० किलो असते, आणि ओला पट्टा गोठल्यावर त्याच्या रॅचेटचा दात उचलला जात नाही, तो त्रास साखळीत कमी होतो.

पांढरीवाट

टायरच्या साखळ्यांचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून लिहितो. जिथे साखळ्या सक्तीच्या असतात तिथले नियम आधी पाहावेत, ते प्रदेशागणिक बदलतात. पहिली जोडी गाडीच्या चालत्या चाकांना. ट्रेलरला ब्रेक असतील तर त्याच्या मागच्या ॲक्सलच्या दोन चाकांनाही साखळ्या लावल्याने उतारावर तो गाडीच्या रेषेत राहायला मदत होते. मात्र दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये चाकांच्या मधली आणि मडगार्डखालची जागा फार कमी असते. साखळी तिथे घासून ब्रेकच्या तारा तोडू शकते. म्हणून घरीच, उजेडात, बोटे सुन्न नसताना एकदा लावून पाहा. थोडे अंतर गेल्यावर थांबून त्या पुन्हा आवळाव्या लागतात, आणि साखळ्यांवर ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नये.

टायरमधली हवा थंड असतानाच तपासा. तापमान दर साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे १ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो. पकड वाढावी म्हणून ट्रेलरच्या टायरमधली हवा मुद्दाम काढण्याचा सल्ला काही जण देतात. भरलेल्या ट्रेलरसाठी तो मला धोकादायक वाटतो, कारण टायरची भार पेलण्याची क्षमता त्याच दाबावर ठरलेली असते.

उत्तरवारा

दोन-तीन दिवस ट्रेलर उभा ठेवणार असाल तर एक सूचना. ओल्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटून गोठतात. आवारात शिरण्याआधी हलका ब्रेक लावत थोडे चालवून ते कोरडे करावेत, ट्रेलरला हातब्रेक असल्यास तो ओढून ठेवू नये आणि चाकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे द्यावेत. टायरखाली फळ्या सरकवाव्यात, म्हणजे ते चिखलबर्फात गोठून बसणार नाहीत. निघताना प्रत्येक चाक फिरत आहे याची खात्री करा. गोठलेले चाक बर्फावर बिनबोभाट फरफटत जाते आणि चालकाला पत्ताही लागत नाही.

ताडपत्रीवर साचलेला बर्फ झाडून मगच निघावे, कारण ओला आणि दबलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोहून जड असू शकतो, शिवाय त्याची लादी उडून मागच्या गाडीच्या काचेवर बसते. एलईडी दिवे जुन्या दिव्यांसारखे तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ वितळत नाही. प्रत्येक थांब्यावर ट्रेलरचे मागचे दिवे हाताने पुसा. विजेच्या जोडाच्या पिनांना डायलेक्ट्रिक (वीजरोधक) ग्रीस लावावे. तिथे मिठाचे पाणी शिरले की दिव्यांबरोबर ब्रेकही जातात, कारण दोन्हींचा प्रवाह त्याच जोडातून येतो.

थांबे आधीच ठरवा, आणि ते असे निवडा की मागे न घेता सरळ बाहेर पडता येईल. गाडी डिझेलची असेल तर गोठू न देणारे द्रव्य टाकी भरतानाच घालावे. डिझेलमधले मेण साकळून फिल्टर तुंबल्यावर ते घालून फायदा होत नाही. एवढे करूनही अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. इंजिन तासाला दहाएक मिनिटे चालवा, त्याआधी प्रत्येक वेळी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच थोडी उघडी ठेवा. बर्फाने कोंडलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

लोखंडवेडा

यंत्र पोहोचले. इथे मिळालेल्या सूचनांपैकी काय कामी आले ते नोंदवतो.

काट्यावर हिचचा भार पहिल्यांदा १५० किलोच भरला होता, म्हणून यंत्र सुमारे १५ सेंटिमीटर पुढे घेतले आणि तो २१० च्या आसपास आणला. निघताना मागचे एक चाक खरोखरच गोठलेले निघाले. ड्रमवर लाकडी हातोड्याने हलके ठोके दिल्यावर ते सुटले. पहिल्या थांब्यावर दोन साखळ्या सैल झालेल्या दिसल्या, कारण रबरी चटया दबल्या होत्या. उताराला लागण्याआधीच गिअर उतरवला आणि ताशी ३० च्या वर गेलो नाही. मागे वाहनांची रांग लागली, तिला जागा मिळताच पुढे जाऊ दिले.

घराची गल्ली अपेक्षेप्रमाणे काचेसारखी होती. चौफेर यांचा चढावरचा मुद्दा खरा असला तरी मध्येच चाके घसरली असती तर भरलेला ट्रेलर मागे ओढत गेला असता, म्हणून तो खालीच सपाट जागेवर ठोकळे लावून सोडला, आणि वाळू पसरून दुसऱ्या दिवशी दुपारी वर नेला.

आता शेवटचा प्रश्न. कार्यशाळेत ऊब आहे आणि यंत्र बर्फासारखे थंड आहे. ताडपत्री लगेच काढावी का?

दोरखंड

अजिबात काढू नका. एवढ्या थंड बिडाला उबदार, दमट हवा लागली की त्यावर पाणी सुटते आणि घासून गुळगुळीत केलेल्या बेडवर काही तासांत गंज धरतो. कार्यशाळेतली उष्णता शक्य असेल तर बंद ठेवून यंत्र आत घ्या, ताडपत्री तशीच राहू द्या आणि तापमान हळूहळू वाढवा. १२०० किलो बीड गरम व्हायला एक-दोन दिवस सहज जातात. हेडस्टॉकच्या बाजूला आच्छादनाखाली हात घालून पाहा. तो भाग सर्वांत जाड असल्यामुळे सर्वांत शेवटी उबेला येतो. तिथला थंडावा गेला की आच्छादन काढा, रस्त्यावरचे मीठ उडून बसले असेल ते ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडे करा आणि बेडला तेलाचा हात द्या. ट्रेलरचे सांगाडे, साखळ्या आणि हिचचा बॉल मात्र साध्या पाण्याने लवकरात लवकर धुऊन घ्या. मीठ सुकून राहिले तर पुढच्या हिवाळ्यात कडी उघडताना त्रास होईल.